जुन्या जीपमधला नवा आवाज

"मग आवाज कुठनं येतोय?" इमाम वस्तादांनी विचारलं.

"पुढच्या डाव्या चाकातनं."

"बघितलंस?"

"बघितलं की. शॉकअप नवे टाकले. बुश नवे टाकले. कमानी उतरवल्या, धुतल्या, परत बांधल्या."

"मग गेला?"

"न्हाई."

"मग कुठनं येतोय?"

"पुढच्या डाव्या..." जोतिराम बोलता बोलता थांबला.

वस्ताद पुन्हा समोरच्या कापसाकडं वळले.

गगनबावड्याच्या अलीकडं, घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका खेड्यातली ही गोष्ट. भाताची मळणी नुकतीच आटोपली होती. अंगणात पेंढ्याच्या गंजी लागल्या होत्या आणि सकाळचं ऊन अजून कोवळं होतं.

इमाम नदाफ यांनी उभा जन्म जीपगाड्यांच्या पोटाखाली काढला होता. डोंगरात चढणारी त्या भागातली एकही गाडी अशी नव्हती, की जिच्याखाली ते कधी ना कधी उताणे झोपले नव्हते. पुढं हात थरथरू लागले. तेव्हा त्यांनी पाने-हातोड्या पेटीत घातल्या आणि वडिलांचा गाद्या भरण्याचा धंदा पुन्हा सुरू केला. कुणी हळहळलं तर म्हणत, "कापसाला थरथरता हात चालतो. नटबोल्टाला चालत न्हाई."

जोतिराम डोंगळे हा त्यांच्या हाताखाली तयार झालेला. हुशार. वस्तादांकडं आता शिकण्यासारखं काही उरलं नाही असं वाटलं, तेव्हा तसं तोंडावर सांगून तो निघाला. वस्तादांनी त्याला अडवलं नाही. त्यानं डांबरी रस्त्याला आपलं गॅरेज टाकलं, आणि ते चांगलं चाललं. समोरून गाडी गेली की हा जागचा न उठता तिचं दुखणं सांगायचा. लोक त्याला कानाचा मिस्त्री म्हणत. त्याला ते आवडायचं.

त्यानंतर आज तो पहिल्यांदा या अंगणात आला होता. तेही आपणहून नाही.

त्याला घेऊन आल्या होत्या कुंदा परब. डोंगरातल्या धनगरवाड्यांसाठी एक लहानसा दवाखाना होता, त्या दवाखान्याच्या त्या नर्स. मूळच्या कोकणातल्या. जीप स्वतः चालवायच्या. ही जुनी जीप म्हणजेच वाड्यांची रुग्णवाहिका होती, कारण वरच्या वाटेवर दुसरं काही चढतच नव्हतं.

जीपमधून महिनाभर एक आवाज येत होता. खडकन्. खड्ड्यात चाक गेलं की एकदा, बाहेर आलं की एकदा.

जोतिरामनं आधी सांगितलं होतं, "सिस्टर, गाडी म्हातारी झाली. म्हातारं माणूस कण्हणारच."

"कण्हू दे," सिस्टर म्हणाल्या होत्या. "पण रोज कण्हणारं माणूस एक दिवस वेगळं कण्हायला लागलं, तर मी त्याला तपासते. हा आवाज वेगळा आहे, जोतिरामभाऊ."

मग त्यानं कामाला हात घातला. एकेक सुटा भाग बदलला. आवाज गेला नाही. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या वस्तादांकडं जाऊ या."

"कशाला?"

"मला अडलं की मी मोठ्या डॉक्टरांना फोन करते. त्यात माझं काही जात नाही."

जोतिराम गुमान जीपमध्ये बसला.

आता सिस्टर अंगणात जीपला टेकून उभ्या होत्या आणि दोघांचं बोलणं ऐकत होत्या.

"चाचा," त्या म्हणाल्या, "मला घाई आहे. वरच्या वाडीत ठकू म्हणून एक पोर आहे. पहिलटकरीण. मूल पोटात आडवं आहे. दिवस भरत आलेत. कळा सुरू व्हायच्या आत तिला मोठ्या दवाखान्यात पोचवायला हवं. मी आज दुपारीच तिला आणायला जाणार आहे."

वस्तादांनी मान वर केली. हातातला कापूस खाली ठेवला.

"जोत्या, गाडी तपासलीस ती कशी?"

"कशी म्हणजे? चेसीखाली ठोकळे लावले. चारी चाकं उचलली. पहार घालून एकेक जोड हलवून बघितला. कुठंच खेळ न्हाई. सगळं घट्ट."

"चाकं हवेत होती?"

"व्हय."

"आणि आवाज येतो तेव्हा चाकं कुठं असतात?"

जोतिरामनं जीपच्या चाकांकडं पाहिलं.

"हवेत लोंबकळणारा पाय दुखत न्हाई," वस्ताद म्हणाले. "उभं केल्यावर दुखतो."

ते काठी टेकत उठले. "चला. जरा फिरवून आणू."

जोतिराम स्टिअरिंगकडं निघाला.

"तू न्हाई. सिस्टर चालवतील. मी त्यांच्याशेजारी बसतो."

"आणि मी?"

वस्तादांनी काठीनं जीपच्या मागच्या बाजूला दाखवलं.

मागं एका अंगाला लांब फळी होती. तिच्यावर गादी आणि गादीवर रबरी चादर. जोतिराम चढला आणि फळीवर बसला.

"बसू नको. आडवा हो."

"मी काय पेशंट हाय व्हय?"

"झोप की."

सिस्टरांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण त्यांनी ते आरशात दिसू दिलं नाही. जोतिराम आडवा झाला. पायांतले बूट काढावेत की नाही हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ते काढले.

जीप ओढ्याच्या वाटेला लागली. ती वाट म्हणजे नुसते धोंडे.

पहिला खड्डा आला. खडकन्.

"पुढनं!" जोतिराम ओरडला.

वस्ताद वाटेकडं बघत राहिले.

दुसरा आला. खडकन्.

"पुढनंच. डावीकडनं. मी सांगतोय न्हवं?"

वस्तादांनी हातानं खूण केली. सिस्टरांनी ओढ्यापाशी गाडी वळवली आणि त्याच वाटेनं परत घेतली. मग पुन्हा वळवली.

जोतिरामनं आणखी एकदा सांगितलं. मग त्यानं सांगणं सोडून दिलं.

त्याचं डोकं फळीच्या कडेवर आपटत होतं. वर ताडपत्रीचं छप्पर होतं, आणि छपराच्या गजाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी मधोमध काळवंडली होती, झिजली होती. इतकी वर्षं ही गाडी त्याच्या हाताखालून गेली, पण ही पट्टी त्यानं पाहिली नव्हती. ती कशासाठी बांधली असेल, हे त्याला पुढच्या धक्क्याला कळलं. त्याचा हात आपोआप वर गेला आणि त्यानं ती घट्ट धरली.

या गाडीत तो नेहमी एक तर पुढं बसला होता, नाही तर खाली झोपला होता. मागं असा कधीच नाही.

त्यानं डोळे मिटले.

खडकन्.

आवाज पुढनंच आला होता. त्यात शंका नव्हती. पण...

"सिस्टर, त्याच खड्ड्यातनं परत घ्या."

सिस्टरांनी घेतली.

खडकन्.

"परत एकदा. हळू."

या वेळी तो श्वास रोखून पडला होता. चाक खड्ड्यात उतरलं. आवाज व्हायच्या अगदी आधी, उजव्या कुल्ल्याखाली, गादीतून त्याला एक ठोसा बसला. बारीकसा. खालून कुणी मूठ मारावी तसा. आणि मग पुढं, वस्तादांच्या पायांखालच्या पत्र्यात, खडकन्.

"थांबवा," तो म्हणाला.

जीप थांबली. इंजिन बंद झालं. ओढ्याचं पाणी ऐकू येऊ लागलं.

"काय झालं?" सिस्टरांनी विचारलं.

जोतिराम उठून बसला. त्यानं आधी फळीकडं पाहिलं, मग पुढच्या पत्र्याकडं.

"आवाज पुढं होतोय," तो हळूच म्हणाला. "पण मार मागं बसतोय. उजवीकडं. मागनं बसलेला मार चेसीतनं पुढं जातो, आणि पुढचा सैल पत्रा वाजतो."

"तुझ्या कानानं काय सांगितलं?" वस्तादांनी विचारलं.

"पुढं."

"आणि पाठीनं?"

"...मागं."

"मग मागं जा."

अंगणात परत आल्यावर वस्तादांनी जीप उचलू दिली नाही. चाकांना दगड लावले, आणि गाडी आपल्या वजनानं उभी ठेवली. जोतिराम खाली सरकला. सिस्टर मागच्या फळकुटावर चढल्या आणि गाडी दाबून हलवू लागल्या. वस्ताद अंगणातल्या दगडावर बसले. तिथून त्यांना जोतिरामचे हात दिसत होते.

जोतिराम एकेका जोडावर तळवा ठेवत गेला. सिस्टर दाबत, तो हाताला काही लागतंय का बघे, आणि पुढं सरके. शॉकअपचा वरचा बोल्ट... काही नाही. खालचा... काही नाही. चाकावरच्या कमानीचे पोलादी पाटे, त्यांना बांधणारे बोल्ट... काही नाही. कमान जिथं चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टांगलेली असते तिथलं ब्रॅकेट आलं. त्याचा हात त्याच्यावरून पुढं गेला.

"थांब," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"तिथं हात का न्हाई ठेवलास?"

"कुठं?"

"आत्ता जे गाळलंस तिथं."

"ते व्हय?" जोतिराम खालूनच म्हणाला. "ते नवं हाय. गेल्या पावसाळ्याआधी जुनं तुटलं होतं, ते मीच बसवलं. वेल्डिंग माझं हाय, वस्ताद. त्यात बघण्यासारखं काही न्हाई."

सिस्टर गाडी हलवायच्या थांबल्या.

"गाडीला काय ठाऊक, ते कुणाच्या हातचं हाय?" वस्ताद म्हणाले.

जोतिराम तसाच उताणा पडून राहिला. त्याच्या तोंडावर चेसीतली माती पडत होती. मग त्यानं हात मागं आणला आणि ब्रॅकेटवर ठेवला.

"दाबा, सिस्टर."

सिस्टरांनी दाबलं. हाताला काही लागलं नाही. ब्रॅकेट दगडासारखं घट्ट होतं. त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. त्यानं तळवा जरा पुढं सरकवला, वेल्डिंगच्या शेजारी, चेसीच्या मूळ लोखंडावर. त्याच्यावर त्यानंच काळा रंग दिला होता, व्यवस्थित, दोन हात.

"दाबा."

"आई गं!"

त्यानं हात ओढून घेतला. तळव्याची कातडी चिमटली होती. रक्ताचा एक थेंब आला.

काळ्या रंगाच्या आत लोखंड उघडत होतं आणि मिटत होतं.

त्यानं चिंधी रॉकेलमध्ये भिजवून रंग पुसला, खरवडला. वेल्डिंगच्या कडेला लागून एक चीर निघाली. खालून सुरू होऊन ती जवळजवळ वरपर्यंत गेली होती. वरच्या बाजूला थोडंसं लोखंड शिल्लक होतं, आणि तेवढ्यावर मागचं उजवं चाक धरून होतं.

तो बाहेर आला. अंगावरची माती झटकली. मग म्हणाला, "जोड शाबूत हाय."

"असणारच," वस्ताद म्हणाले. "तुझा जोड चांगला असतो."

"शेजारचं लोखंड फाटलंय."

"तू जोडाला लई ताकद दिलीस. शेजाऱ्याला इचारलं न्हाईस."

जोतिराम पायरीवर बसला. हाताला चिंधी गुंडाळू लागला. गुंडाळता गुंडाळता त्याचा आवाज चढला.

"तुम्हाला पहिल्यापासनं ठाऊक होतं, वस्ताद. मग सांगायचं होतं सरळ. मला असं मागं झोपवून, सिस्टरांसमोर..."

"मला कुठनं ठाऊक असणार?"

"म्हणजे?"

"मी गाडीला हात तरी लावलाय व्हय? तू सांगत गेलास, मी ऐकत गेलो."

जोतिरामनं त्यांच्याकडं पाहिलं. म्हातारा खोटं बोलत नव्हता.

सिस्टरांनी घड्याळाकडं पाहिलं. मग त्या दोघांकडं.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"नीट करायची तर मागचा सगळा भाग उघडावा लागंल. दोन दिवस. तीनबी लागतील."

"ठकूला मी तीन दिवस वर ठेवू शकत नाही."

जोतिराम उठला. "मी आत्ता गॅरेजला नेतो. वरनं एक पट्टी टाकून देतो. तात्पुरती. एका खेपेला टिकंल, सिस्टर. हळू चालवा. मी स्वतः चालवतो पाहिजे तर. शंभर टक्के टिकंल."

सिस्टरांनी वस्तादांकडं पाहिलं.

वस्ताद अंगणातल्या कापसाचा एक पुंजका उचलून त्यातली सरकी काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मागं कोण झोपणार?" त्यांनी विचारलं.

गोठ्यात म्हैस घंटा वाजवत होती. जोतिराम जीपच्या मागच्या फळीकडं बघत उभा होता. छपराच्या गजाला लुगड्याची ती झिजलेली पट्टी दिसत होती.

"न्हाई," तो शेवटी म्हणाला. "गाडी जाणार न्हाई."

हे बोलायला त्याला फार जड गेलं. 'गाडी जाणार नाही' असं तो आजवर कुणाला बोलला नव्हता.

सिस्टरांनी वेळ घालवला नाही. त्यांनी तालुक्याला फोन लावला. रुग्णवाहिका डांबरी रस्ता संपतो तिथवर येऊन थांबेल असं ठरलं. वाडीपासून तिथपर्यंतची वाट डोलीनं उतरायची. दोन बांबू, मध्ये घोंगडं, आणि चार खांदे.

"वाडीत माणसं आहेत, पण त्यातली निम्मी मेंढरं घेऊन देशावर गेलीत," सिस्टर म्हणाल्या. "एखादा खांदा कमी पडेल."

"मी येतो," जोतिराम म्हणाला.

ऊन डोक्यावर यायच्या आत दोघं वाडीपर्यंत चढून गेले. ठकू दारातच बसली होती. अंगानं बारीक, पोट मोठं, आणि डोळ्यांत भीती. तिची सासू तिला सारखी पाणी पाजत होती. डोली बांधली. ठकूला घोंगड्यात बसवलं, पाठीशी गोधडी दिली. जोतिरामनं मागचा उजवा खांदा घेतला. तो त्यानं मागून घेतला की सहज त्याच्या वाट्याला आला, हे सांगता येत नाही.

थोडं उतरल्यावर ठकूनं मान वळवून त्याला विचारलं, "जीपगाडी का न्हाई आणली, दादा?"

"आजारी हाय."

"तीबी?" ठकू म्हणाली, आणि त्या भीतीतही तिला हसू आलं. "मग तिला कोण उचलून न्ह्यायचं?"

खांदेकरी हसले. जोतिरामही हसला.

वाटेत एका ठिकाणी रस्ता दरीकडं कललेला होता. खालची झाडं वरून भाजीच्या जुडीएवढी दिसत होती. जीपच्या चाकांच्या चाकोऱ्या तिथं खोल रुतल्या होत्या, आणि उतरताना गाडीचा भार दरीकडच्या, उजव्या चाकांवर येत असणार, हे त्या चाकोरीतच दिसत होतं. जोतिरामनं ते पाहिलं. त्याची पावलं मंदावली.

"काय झालं, मिस्त्री?" पुढच्यानं विचारलं.

"काही न्हाई. इथनं हळू."

ते हळू उतरले. बांबू खांद्यात रुतत होता. एखाद्याचा पाय निसटला की तो हिसका चारी खांद्यांना बसायचा, आणि मग डोलीतून एक बारीक आवाज यायचा. जोतिराम त्या आवाजाकडं लक्ष ठेवून चालत होता. तो कशाचा आहे, हे तो सांगायला गेला नाही. नुसतं पाऊल सांभाळून टाकत राहिला.

डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. ठकूला आत घेतलं, सिस्टर तिच्याशेजारी बसल्या. दार लागायच्या आधी सिस्टर म्हणाल्या, "जोतिरामभाऊ, घरी जा आता. खांद्याला तेल लावा."

तो घरी गेला नाही. तसाच वस्तादांच्या अंगणात गेला आणि पायरीवर बसला. वस्तादांनी आतून तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवला. दिवस मावळायला सिस्टरांचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. मुलगी झाली होती. दोघी बऱ्या होत्या.

जोतिरामनं फोन ठेवला. तोंड धुतल्यासारखं करून त्यानं डोळे पुसले.

"वस्ताद," तो म्हणाला, "जीप इथंच उघडू? तुमच्या अंगणात?"

"अंगण मोकळंच हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं गॅरेजमधून हत्यारं आणली. मागचा भाग उघडला. आपलं स्वतःचं वेल्डिंग आपल्याच हातानं कापून काढलं. ते कापायला पुष्कळ वेळ लागला, इतकं ते पक्कं होतं. मग त्यानं एक जाड पट्टी आणली आणि चेसीवर धरून वस्तादांकडं पाहिलं.

"जाड नको," वस्ताद म्हणाले. "लांब घे."

"जाड जास्त टिकंल की."

"तीच टिकंल. बाकीच्यांचं काय?"

जोतिरामनं पट्टी खाली ठेवली. पातळ घेतली, पण लांब. चेसीच्या आतून ती दूरवर नेली, म्हणजे मार एका जागी न बसता पसरावा. चीर जिथं थांबली होती तिथं भोक पाडलं, म्हणजे ती पुढं सरकू नये. जिथं जमेल तिथं वेल्डिंग टाळून बोल्ट घातले. एकेक बोल्ट आवळून झाला की तो हात ठेवून बघत होता. आपण आवळलेल्या बोल्टावरही.

वस्तादांनी गाडीला हात लावला नाही. दिवसभर गादी भरत बसले. मधूनच एखादं "हं" म्हणत, ते त्याला की कापसाला हे कळत नसे.

काम झालं त्या सकाळी सिस्टर आल्या. त्यांनी ठकूच्या घरून खर्वसाची वडी आणली होती. तिघांनी ती खाल्ली.

"कोण चालवणार?" सिस्टरांनी विचारलं.

"तुम्ही," जोतिराम म्हणाला. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले आणि सांगायच्या आधीच मागच्या फळीवर आडवा झाला.

वस्ताद अंगणातच थांबले.

जीप ओढ्याच्या वाटेनं गेली. धोंड्यांवरून, खड्ड्यांतून. वळली, पुन्हा गेली. मग सिस्टरांनी ती चढाच्या वाटेला घातली. वरच्या वळणापर्यंत नेली आणि उतरवली. दगडांवर टायर कुरकुरत होते, ताडपत्री फडफडत होती. खडकन् असं काही झालं नाही. एकदाही नाही.

परत आल्यावर जोतिराम उडी मारून उतरला. अनवाणीच वस्तादांपुढं जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला होता.

"गेला, वस्ताद. समूळ गेला. कानाला न्हाई, पाठीला न्हाई. गाडी एकदम गप्प हाय."

वस्तादांनी सुईत दोरा ओवायला घेतला होता. हात थरथरत होता. दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा गेला.

"गप्प हाय?"

"व्हय."

वस्तादांनी दोऱ्याला गाठ मारली.

"वाजत होती तवर कुणालाबी ऐकू येत होतं. आता नीट ऐक."